एक अंश वाऱ्याचा

लग्नसराई संपली की मी पत्रिका गोळा करते.
गुलटेकडीतल्या आमच्या शाळेला पुठ्ठा मिळत नाही,
पण जूनमध्ये प्रत्येकाच्या घरी एक तरी जाड लग्न
टीव्हीमागे उभं करून ठेवलेलं असतं.

सातवी ब. त्रेपन्न पटावर, सत्तेचाळीस हजर.
कापा त्रिकोण, म्हटलं. कसाही. वाकडा चालेल.
आता कोपरे रंगवा आणि फाडा.
फाडा म्हटल्यावर वर्गाला आलेला आनंद
कुठल्याच पाठटाचणात लिहिता येत नाही.

एका कोनात गणपतीची सोंड,
दुसऱ्यात 'कृपया आहेर आणू नये',
तिसऱ्यात कुणाच्या तरी चिमुकल्या भाचीचं
'माज्या मामाच्या लग्नाला नक्की या हं'.
तिन्ही टोकं एका बिंदूशी आणली
की पट्टीसारखी सरळ कड.
सोंड, आहेर, भाची मिळून एकशे ऐंशी.
तेजराज ओव्हाळ म्हणाला, सगळ्यांचं तेच येतंय,
मग बाई, फाडायला कशाला लावलं?
त्याला उत्तर देणार तोवर पंखा
नजमीन बागवानचा तिसरा कोपरा घेऊन
खिडकीबाहेर गेला.

अर्धा वर्ग बाकांवर चढला, बाकीचा खाली वाकला.
नजमीन जागची हलली नाही.
उरलेले दोन कोपरे तिने वहीच्या रेघेवर ठेवले,
मधल्या फटीतून पेन्सिल फिरवली.
"हा काय, बाई. इथेच आहे.
फक्त कागद नाहीये."

कोनमापक लावला. अठ्ठेचाळीस, पासष्ट,
आणि फट सदुसष्ट.
मी फळ्यावर क्ष लिहायला हात उचलला
आणि तसाच खाली घेतला.

दुपारी खिल्लारे मामा पाण्याच्या टाकीजवळून
एक हिरवा कोपरा घेऊन आले,
त्यावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.
मोजला तर सहासष्ट.
तेजराज म्हणाला, एक अंश वाऱ्याने खाल्ला.
मी म्हटलं, कोनमापकाची कड झिजलीये.
वर्गाने मतदान घेतलं. वारा जिंकला.

घटक चाचणी. प्रश्न चौथा:
तीन क्ष अधिक सात बरोबर चाळीस.
नजमीनने लिहिलं, अकरा.
वर काही नाही, खाली काही नाही,
एखाद्या रिकाम्या मैदानात उभा असावा तसा अकरा.
पायऱ्यांना दोन गुण, उत्तराला एक,
असं नमुना उत्तरपत्रिका सांगते.
तिला बोलावलं. कुठून आणलंस?
"चाळीस मोसंबी. सात सडकी निघाली, टाकली.
उरलेली तीन क्रेटमध्ये सारखी लावली.
अब्बांच्या गाळ्यावर रोजच करते."
मग हे का नाही लिहिलंस?
"पेपरात सडकी लिहायची का, बाई?"

रात्री पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले.
एक गुण दिला. खोडून दोन केला.
मग वाटलं, तेजराजने
पाठ केलेल्या चारही पायऱ्या नीट लिहिल्यात,
फक्त सातची वजाबाकी चुकलीय
आणि त्यालाही दोनच.
बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले.

नोंदवहीत वर्णनात्मक नोंदीला
दोन बोटांएवढी जागा असते.
तयार वाक्यांची यादी मिळते सोबत:
मदतीने उदाहरणे सोडवते.
भौमितिक आकृत्या नीटनेटक्या काढते.
गणिती भाषेचा वापर करण्याचा प्रयत्न करते.
त्यातलं एकही तिच्या नावापुढे बसेना.
मी लिहिलं: जे समोर नाही, ते मोजते.

तपासणीला आलेल्या साहेबांनी
त्याखाली लाल प्रश्नचिन्ह काढलं.
यादीतलं वाक्य का नाही, असं विचारलं,
चहा घेतला, आठवी अ कडे गेले.
मी ते खोडलं नाही.
समजावूनही सांगितलं नाही, हेही खरं.

सोमवारी चौकोन.
पत्रिका आणा, जाड बघून आणा, सांगितलंय.
कोपरे फाडायला घेतले
तेव्हा पंखा बंद करायला कुणीतरी उठलं.
म्हटलं, राहू दे.